विश्व उरले, नाथ गळाला

२०२१ सालच्या एप्रिलअखेरीस सांगलीतल्या माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईचे कोविड लशीचे दोन्ही डोस पूर्ण झाले, तेव्हा टोकियोत राहणारी तिची लेक पहिल्या डोसच्या रांगेतही नव्हती. कारण रांगेत उभे राहायला आधी रांग लागावी लागते, आणि आमच्या वयोगटाची रांग अजून लागायचीच होती. जपानने ज्येष्ठांचे लसीकरण १२ एप्रिलला सुरू केले होते. आमचा क्रम त्यांच्यानंतर, आणि या देशात ज्येष्ठ पुष्कळ आहेत.

"अगं, जपान म्हणजे पुढारलेला देश ना?" आई व्हिडिओ कॉलवर विचारायची.

"हो."

"मग?"

या 'मग'वर माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाडी पाच मिनिटे उशिरा आली तर कार्यालयात दाखवण्यासाठी छापील दाखला देणारे शहर लशीच्या बाबतीत महिनोन्‌महिने मागे कसे, हे आईलाच काय, जपानी माणसांनाही समजत नव्हते. आईने आपले लसपुराण मला तीनदा ऐकवले होते: महापालिकेच्या दवाखान्यात दोन तास, शेजारच्या काकूंशी गप्पा, नर्सबाई ओळखीची निघाली, आणि पंतप्रधानांचे छायाचित्र असलेले प्रमाणपत्र काकांनी त्याच संध्याकाळी लॅमिनेट करून आणले. त्या आठवड्यांत तिकडून येणाऱ्या इतर बातम्या अशा होत्या की, 'आईचे दोन्ही झाले' या एका वाक्यावर मी दिवस काढत होते. त्यामुळे तिने चौथ्यांदा सांगितले असते तरी मी ऐकले असते.

जूनच्या अखेरीस वॉर्ड कार्यालयाचा जाडजूड लिफाफा आला. जपानमध्ये तेव्हा लशीचे कूपन टपालाने येई आणि रहिवासी नोंदवहीत नाव असलेल्या प्रत्येकाला येई. माणूस कोणत्या देशाचा, व्हिसा कसला, हे कुणी विचारत नव्हते आणि एक येनही मागत नव्हते. या बाबतीत मी या देशाची ऋणी आहे आणि पुढे जे काही रडगाणे गाणार आहे, ते ऋण मान्य करूनच गाणार आहे.

कूपनावर आमची नावे असलेले चिकटपत्ते होते आणि ते सोलू नयेत, कागदासकट तसेच केंद्रावर आणावेत, अशी सक्त सूचना होती. ज्या घरात सहा वर्षांची मुलगी आहे, त्या घरात न सोलायचा स्टिकर दीड महिना सांभाळणे म्हणजे काय, हे सूचना लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे. अखेर दोन्ही कूपने देवघरात गणपतीच्या मागे ठेवली. संकटाचे निवारण आणि स्टिकरचे रक्षण अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर आली.

ती तिथे ठेवताना प्रथमच माझे लक्ष स्वतःच्या नावाकडे गेले. माझ्या पासपोर्टवर, आणि म्हणून माझ्या रहिवासी ओळखपत्रावर, मृणालिनी विश्वनाथ क्षीरसागर असे पूर्ण नाव आहे. जपानी संगणकाला आडनाव आधी लागते, म्हणून क्षीरसागर पुढे गेले, त्यामागे मृणालिनी आली, आणि ती दोन अवजड मंडळी स्थानापन्न झाल्यावर नवऱ्याच्या नावासाठी चौकटीत जेवढी जागा उरली, तेवढ्यात फक्त 'विश्व' मावले. नाथ गळाला होता.

"म्हणजे तुला आता विश्व मोकळे," विश्वनाथ म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कूपनावर त्याचे वडील अखंड उतरले होते, त्यामुळे त्याला विनोद सुचत होते.

कूपन हातात आले म्हणून लस मिळे असे नाही. कूपनावरचा दहा आकडी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर वेळ मिळवायची असे, आणि सकाळी नऊला खुल्या झालेल्या वेळा नऊ वाजून चार मिनिटांनी संपलेल्या असत. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण मी एके काळी केले आहे, त्यामुळे या खेळाचे नियम मला नवे नव्हते. नवे होते ते माझे आडनाव काताकाना या परकी नावे लिहिण्याच्या जपानी लिपीत लिहिणे. जपानी उच्चारात 'क्ष' नाही आणि शब्दाच्या शेवटी 'र' थांबू शकत नाही, तेव्हा क्षीरसागरचे होते 'कुशिरुसागारु'. मृणालिनीची होते 'मुरुनारिनी'. हे सगळे मी टंकत असताना चार मिनिटे संपत.

त्यातच जुलै उजाडला आणि फायझरच्या लशीचा पुरवठा आटल्यामुळे जपानभर अनेक ठिकाणच्या पालिकांनी नव्या नोंदण्याच थांबवल्या. त्यात आमचा वॉर्डही होता. १२ जुलैपासून टोकियोत पुन्हा आणीबाणी लागू झाली, २३ जुलैला ऑलिम्पिक सुरू झाले, आणि ज्या शहरात ते चालले होते त्याच शहरात राहून आम्ही ते सांगलीकरांसारखेच दूरचित्रवाणीवर पाहिले. ७ ऑगस्टला नीरज चोप्राने ८७.५८ मीटर अंतरावर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. आम्ही बैठकीत नाचलो, आणि मग माझ्या मनात आले की, हरियाणाचा एक तरुण टोकियोत येऊन एवढा मोठा भाला एवढ्या लांब पोचवू शकतो आणि या शहराला माझ्या दंडापर्यंत इंचभर सुई पोचवता येत नाही.

दोनच दिवसांनी नोंदणी पुन्हा उघडली. कुशिरुसागारु तोवर बोटांत बसले होते. वेळ मिळाली.

आता प्रश्नावली. ती जपानीतच भरायची असते, मात्र समजून घेण्यासाठी आरोग्य मंत्रालयाने अनेक भाषांत भाषांतरे उपलब्ध केली होती. इंग्रजी होतेच, पण यादीत देवनागरी दिसल्यावर दुसरीकडे बोट जाईना. ते नेपाळी होते. 'ज्वरो' म्हणजे ताप एवढे कळल्यावर आपल्याला नेपाळी येते असा माझा समज झाला आणि तो पुढची दोन वाक्ये टिकला. शेवटी इंग्रजी समोर ठेवून जपानी भरले. या प्रश्नावलीत एक सापळा आहे. पहिल्या काही प्रश्नांना 'होय' म्हणायचे असते: लस पहिल्यांदाच घेता का, माहितीपत्रक वाचून समजले का. हात त्या लयीत आला की पुढे एकदम, आज कुठे दुखतेखुपते आहे का, कधी झटके आले आहेत का, असे प्रश्न सुरू होतात आणि तिथे त्याच लयीत खुणा करणारा माणूस घरी परत जातो. सर्वांत शेवटचा प्रश्न असतो, आजच्या लसीकरणाबद्दल आपल्याला काही प्रश्न आहे का. प्रश्न असले तरी तिथे 'नाही' म्हणावे, हे शहाणपण मला नंतर आले.

ऑगस्टच्या मध्यावर, पस्तीस अंशांच्या उन्हात वीस मिनिटे सायकल हाणून मी वॉर्डाच्या व्यायामशाळेत पोचले. दारात कपाळावर तापमापक रोखला गेला आणि ३७.६ आकडा उमटला. साडेसदतीस किंवा त्याहून अधिक ताप असेल तर लस मिळत नाही. मी सायकलकडे, सूर्याकडे आणि कपाळाकडे आळीपाळीने बोट दाखवले. मला अतिशय अदबीने वातानुकूलकासमोरच्या खुर्चीत बसवण्यात आले आणि परिचारिका आपल्या सहकारिणीशी काहीतरी बोलू लागली. त्यातला एक शब्द मला स्पष्ट ऐकू आला: "सागारु."

मी ताडकन उठून "हाय!" म्हटले. जपानीत हाय म्हणजे 'हजर'.

दोघींनी माझ्याकडे पाहिले. परिचारिकेने हाताने बसण्याची खूण केली आणि पुन्हा बोलू लागली. पुन्हा "सागारु मादे" असे काहीसे. पुन्हा मी उठले. तिसऱ्या खेपेला तिने माझ्या प्रश्नावलीवरचे नाव वाचले, आणि मास्कच्या वर तिचे डोळे एकदम बारीक झाले. 'सागारु' म्हणजे जपानीत खाली येणे. ताप उतरणे यालाही हेच क्रियापद. ताप उतरेपर्यंत बाईंना इथेच बसू द्या, एवढेच ती बिचारी सांगत होती आणि प्रत्येक वेळी एक परदेशी बाई हजेरी लावत होती. जपानी माणसे मोठ्याने हसत नाहीत; त्यांचे खांदे हसतात. पाच मिनिटांनी तापमापकाने ३६.८ दाखवले. एवढ्या वेळा नाव घेतल्यावर उतरणे भागच होते.

पुढे एकामागून एक सहा टेबले होती. जमिनीवर बाण, प्रत्येक बाणाच्या टोकाशी एक माणूस, आणि प्रत्येक माणूस पुढच्या बाणाकडे हात करून वाकणारा. प्रत्येक टेबलावर पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायची, आणि मी ते सहा वेळा सहा प्रकारे सांगितले असावे. पहिल्या टेबलावरच्या मुलीने माझी प्रश्नावली उजेडाकडे धरून विचारले, हे खोडता येणाऱ्या पेनाने लिहिले आहे का? होते. माझ्या लेकीच्या दप्तरातले तेच पेन हाताशी होते. ही शाई उष्णतेने उडते, आणि मी ती पस्तीस अंशांतून आणली होती. नवा कागद, काळे बॉलपेन, आणि 'झटके येतात का'पासून पुन्हा सुरुवात.

दुसऱ्या टेबलावर नाथाचा शोध लागला. ओळखपत्रावर विश्वनाथ, कूपनावर विश्व. ही एकच व्यक्ती आहे का? दंडाला फीत बांधलेले एक वयस्कर गृहस्थ आले. मी त्यांना सांगितले की, हे मधले नाव माझे नसून माझ्या यजमानांचे आहे. मग ते अर्धे का आहे, असे त्यांनी विचारले. ते आपल्याच संगणकात बसले नाही, असे मी शक्य तितक्या सौजन्याने म्हणाले. ते दिलगिरीने वाकले. वातावरण हलके करावे म्हणून मी माझ्या मोडक्या जपानीत अर्थही सांगितला, की विश्व म्हणजे जग आणि नाथ म्हणजे स्वामी.

"म्हणजे आपले यजमान जगाचे स्वामी?" त्यांनी विचारले, आणि ते आणखी थोडे वाकले.

घरी आल्यावर हे सांगण्याची चूक मी केली. त्या दिवसापासून भांडी घासायची पाळी आली की विश्वनाथ जगाच्या स्वामीला हे शोभते का, असे विचारतो.

डॉक्टरांकडे दहा सेकंदांचे काम होते. त्यांनी सगळ्या खुणा तपासल्या, मान डोलावली आणि सही करण्यासाठी पेन उचलले, तेवढ्यात मी उगाच विचारले, "फार दुखते का?" त्यांनी पेन थांबवले, शेवटच्या प्रश्नाकडे पाहिले, माझी 'नाही'वरची खूण मला खोडायला लावून 'होय'वर करायला सांगितली, आणि मग उत्तर दिले, "नाही."

आणि ते खरे होते. सुई आत कधी गेली आणि बाहेर कधी आली, ते कळले नाही. एप्रिलपासून जिची वाट पाहिली, ती घटना संपल्याचे मला परिचारिकेने कापूस दाबल्यावर समजले. नंतर हातात १०:४७ अशी वेळ लिहिलेली चिठ्ठी देऊन पंधरा मिनिटे बसवतात. व्यायामशाळेत अंतर राखून मांडलेल्या खुर्च्यांवर चाळीस माणसे आपापल्या चिठ्ठीकडे पाहत निःशब्द बसली होती. काकू नाहीत, गप्पा नाहीत. सांगलीला फोन लावावा अशी तीव्र इच्छा झाली. पण त्या शांततेत मराठी बोलणे म्हणजे देवळात फटाका लावण्यासारखे झाले असते.

याच महिन्याच्या २७ तारखेला टोकियोतल्या शिबुयात तरुणांसाठी आगाऊ नोंदणीशिवाय लस देणारे केंद्र उघडले. पहाटेपासून रांग लागून त्या दिवसाच्या जागा सकाळीच संपल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सोडत काढावी लागली. आमच्या कार्यालयातला एक तरुण तिथून हात हलवत परत आला, तेव्हा मी त्याला म्हाडाच्या घरांची सोडत म्हणजे काय ते सविस्तर समजावून सांगितले. त्याने फार धीर आल्यासारखे दाखवले.

दुसरा डोस तीन आठवड्यांनी झाला आणि त्या रात्री माझा सागारु बराच वेळ वरच राहिला. ऑगस्टपासून औषधांच्या दुकानांत तापाच्या गोळ्यांचे फडताळ ओस पडले होते, आणि विश्वनाथ तीन दुकाने पालथी घालून केवळ एक जेली घेऊन आला. शेवटी आईने पूर्वी कधीतरी सुटकेसच्या कोपऱ्यात मेतकुटाच्या पुडीशेजारी कोंबलेली क्रोसिनची पट्टी सापडली. मुदत संपायला दोन महिने होते. गोळीला मेतकुटाचा वास होता.

"प्रमाणपत्र दाखव," आई दुसऱ्या दिवशी म्हणाली. मी लशीच्या बाटलीचा क्रमांक चिकटवलेला पांढरा कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

"फोटो कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही."

"मग?" आई म्हणाली.

भारतात जाण्यासाठी मी नंतर वॉर्डाकडून परदेश प्रवासाचे लस प्रमाणपत्र काढले. पासपोर्टची प्रत जोडून केलेल्या त्या अर्जाला पूर्ण न्याय मिळाला; त्यावर नाथ साक्षात, अक्षरशः शेवटच्या अक्षरासह, परतला होता. काकांनी सांगलीत ते पाहताक्षणी लॅमिनेट केले.

२०२२ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या डोसचा लिफाफा आला. मुलगी तोपर्यंत सात वर्षांची झाली होती आणि तिला वाचता येत होते, म्हणून स्टिकर न सोलण्याच्या अटीवर तिच्याकडूनच नाव वाचून घेतले. कुशिरुसागारु होते, मुरुनारिनी होती, आणि त्यापुढे होते विश्व.

"बाबा कुठे गेला?" तिने विचारले.

मी कूपन गणपतीच्या मागे सरकवले आणि काळे बॉलपेन शोधायला उठले.