उद्योगपतींवरचा तो ‘शून्यातून विश्व’ मेसेज: एकेक दावा बघू

परत सुरू झालाय तो मेसेज. फॅमिली ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे तोच. ज्यांनी वाचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: आपले जुने उद्योगपती बघा, किर्लोस्कर, वालचंद, गरवारे, फिरोदिया, गोव्याचे बांदोडकर. कुणी शिकलेलं नाही, खिशात दमडी नाही, पाठीशी कुणी नाही, सरकारच्या दारात कधी गेले नाहीत, राजकारणापासून चार हात लांब, आणि कमावलं ते गावाला दान केलं. आजचे डिग्रीवाले मॅनेजर नुसते पॅकेज मोजत बसतात. मराठी माणसाने आदर्श घ्यावा. आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

माणसं मोठी होती, त्यात वादच नाही. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गडबड आहे, आणि ही गडबड निरुपद्रवी नाहीये, कारण ती वाचून पोरं कॉलेज सोडायच्या गोष्टी करतात आणि घरचे म्हणतात बघ बघ, किर्लोस्करांनी कुठे शिक्षण घेतलं होतं.

"कुणी शिकलेलं नाही"

घेतलं होतं ना! लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं म्हणून पेंटिंग सोडलं आणि मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, मग व्हीजेटीआयमध्ये, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, शिकवायला लागले. म्हणजे सरळ मास्तर. पगारी. प्रमोशनची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियनला बढती दिली आणि हे नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे भावाचं सायकलचं दुकान आधीपासून चालू होतं, मुंबईहून हे सायकली पाठवायचे आणि भाऊ त्या विकून वर लोकांना चालवायलाही शिकवायचा. नांगर, कडबा कापायचं यंत्र हे सगळं त्यानंतरचं. ड्रॉइंग येत होतं म्हणून यंत्र उघडून बघून तसंच दुसरं बनवता आलं, ही साधी गोष्ट आहे.

त्यांचे चिरंजीव शंतनुराव तर १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले. नवलमल फिरोदिया वकील. मेसेजमध्ये ओगले बंधूंचं नाव नाही, पण असायला हवं होतं, प्रभाकर कंदिलवाले. त्यांच्यातले गुरुनाथराव काच बनवायचं तंत्र शिकायला अमेरिकेपर्यंत गेले होते.

आबासाहेब गरवारे मात्र खरंच मेसेजमध्ये बसतात. तासगावचे, शिक्षण सहावीपर्यंत, लहान वयात मुंबई गाठली, जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीतून वर आले. ते एक उदाहरण पकडून बाकी सगळ्यांना त्याच साच्यात कोंबलंय.

"पाठीशी कुणी नाही"

हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो.

१९१० ची गोष्ट. बेळगाव म्युनिसिपालिटीने लक्ष्मणरावांना कारखान्याची जागा खाली करायला सांगितली, शहर वाढवायचं होतं. कारखाना कुठे न्यायचा हा प्रश्न. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले, त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळाची जमीन दिली, ३२ एकर, निवडुंग आणि नाग सोडले तर तिथे काही नव्हतं, आणि वर दहा हजार रुपयांचं कर्ज. १९१० सालचे दहा हजार बरं का. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि पुढे स्टेशनचं नावही तेच पडलं. राजेसाहेब नसते तर? नांगर आधीच विकत नव्हते, लोखंडी फाळाने जमीन विषारी होते अशी समजूत होती शेतकऱ्यांची, पहिल्या नांगरांना दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. अशा धंद्याला दहा हजार कोण देणार होतं?

पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या मोडीत निघालेल्या तोफा आणून वितळवल्या आणि त्याचे नांगर केले. तोफांचे नांगर! हा किस्सा फॉरवर्ड करा की, इतका जबरदस्त आहे. पण मग संस्थानाने तोफा दिल्या हेही लिहावं लागेल आणि "पाठीशी कुणी नाही" हे वाक्य खोडावं लागेल.

बरं, हे एकट्या किर्लोस्करांपुरतं नाही. ओगलेवाडी, कराडजवळची, तीही औंध संस्थानच्याच हद्दीत उभी राहिली. एका छोट्याशा संस्थानाने दोन कारखाने वसवायला जागा दिली. आजच्या भाषेत याला औद्योगिक धोरण म्हणतात, आणि मेसेजमध्ये त्याच्यावर एक शब्द नाही.

वालचंद हिराचंद "शून्यातून" कसे काय? सोलापूरला घरचा सावकारी आणि कापसाचा व्यापार होता, बऱ्यापैकी मोठा. कॉलेज अर्धवट सोडलं हे खरं, पण ते मुंबई-पुण्यात कॉलेजला गेले होते हे सोयीस्कर विसरलं जातं. घरच्या धंद्यात न रमता रेल्वेची कंत्राटं घ्यायची रिस्क घेतली हे त्यांचं कर्तृत्व. ते काय कमी आहे का, की त्याला गरिबीची फोडणी द्यावी लागते?

"सरकारच्या दारात गेले नाहीत, राजकारणापासून लांब"

हे लिहिणाऱ्याने एकदा तरी यातल्या कुणाचं चरित्र चाळायला हवं होतं. त्याच्याच यादीतलं नाव घेऊ, बांदोडकर. भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते आणि डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री! राजकारणापासून चार हात लांब राहून मुख्यमंत्री होता येत असेल तर मलाही सांगा. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायला हवा होता, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात तो मुद्दा हरला, पण नंतरच्या निवडणुकीत लोकांनी परत त्यांनाच निवडून दिलं. १९७३ ला गेले तेव्हाही मुख्यमंत्रीच होते.

आणि गोव्यातल्या बाकीच्या खाणवाल्यांनी काय केलं? पेपर काढले. चौगुल्यांचा ‘गोमन्तक’ १९६२ चा, धेंप्यांचा इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ चा. नवीन मुक्त झालेला प्रदेश, विलीनीकरणाचा वाद पेटलेला, आणि सकाळी लोकांच्या हातात पडणारा पेपर खाणमालकाचा. त्याच घराण्यांनी कॉलेजंही काढली, मडगावचं चौगुले कॉलेज, पणजीचं धेंपे कॉलेज, दोन्ही १९६२ ची, आणि तिथे शिकून हजारो पोरांचं भलं झालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

फिरोदियांचं घर तर राजकारणातच होतं. नवलमलांचे वडील कुंदनमल हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष, १९४६ ते ५२. नवलमल स्वतः स्वातंत्र्यलढ्यात. माणसाने माणसाला ओढायची रिक्षा बंद व्हावी, टांग्याला पर्याय मिळावा म्हणून तीनचाकी मोटार-रिक्षाची कल्पना घेऊन ते कुणाकडे गेले? मोरारजी देसाईंकडे, जे तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. परवानगी सरकारनेच द्यायची होती, दुसरीकडे जाणार कुठे. आज तुम्ही ज्या रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडता ती रिक्षा रस्त्यावर आली त्याच्या मागे ही भेट आहे.

वालचंद तर आयुष्यभर सरकारच्या दारात होते, कधी भांडायला, कधी पैसे-परवानगी मागायला. त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, त्यानंतर ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून जीव घ्यायचा प्रयत्न केला, ती लढाई दिल्लीत लॉबिंग केल्याशिवाय लढताच येत नव्हती. बंगळुरूची विमान कंपनी १९४० मध्ये काढली ती म्हैसूर सरकारला भागीदार घेऊन, आणि १९४२ मध्ये भारत सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. तीच आजची एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स.

एक नाव मेसेजमध्ये मुद्दाम नसावं असं वाटतं. साताऱ्याचे धनजीशा कूपर. पारशी, लोखंडी नांगर बनवणारे, किर्लोस्करांचे स्पर्धकच म्हणा, कूपर इंजिनिअरिंग १९२२ ची. हे गृहस्थ जिल्हा लोकल बोर्डात दबदबा ठेवून होते, आणि एप्रिल १९३७ मध्ये थेट मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणायचे. काँग्रेसने आधी सरकार बनवायला नकार दिला होता म्हणून ही संधी मिळाली, आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर आले तेव्हा यांचं सरकार गेलं. कारखानदाराचं गावावर वजन म्हणजे काय हे बघायचं असेल तर हे उदाहरण घ्या. अलीकडचं हवं असेल तर राहुल बजाज, २००६ ते १० राज्यसभेत, महाराष्ट्रातून, अपक्ष.

"कमावलं ते गावाला दान केलं"

काहींनी भरपूर दिलं, मान्य. पण किर्लोस्करवाडीतली घरं, शाळा, पाणी याला दान म्हणणं चूक आहे. ओसाड माळावर कामगार राहणार कुठे? वसाहत बांधली नसती तर कारखानाच चालला नसता. लक्ष्मणरावांनी तिथे अस्पृश्यता पाळू दिली नाही, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याला ठेवलं, हे त्या काळात फार पुढचं होतं आणि त्याचं श्रेय त्यांचंच. पण घर मालकाचं, नोकरी मालकाची, नळ मालकाचा, तेव्हा गावाचा कारभारही मालकाच्याच हातात जातो. मालक भला असला तर ठीक.

आणि आज कंपन्या जे बोर्ड लावून बागा आणि शाळेची टॉयलेटं बांधतात त्यातलं बरंचसं कायद्याने आलंय. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५, ठराविक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करायचे. त्यामुळे दरवेळी उदार अंतःकरण वगैरे लिहायची गरज नाही.

"आजचे पगारी मॅनेजर काय करणार"

सुमंत मुळगावकर. पगारी. लंडनला शिकलेले इंजिनिअर, आधी सिमेंटच्या एसीसीत, मग टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये. साठच्या दशकात टेल्कोचा पुण्याचा कारखाना त्यांनी उभा केला, झाडं लावली, तळं केलं, आणि ट्रेनिंगवर इतका भर दिला की तिथे शिकलेली माणसं पुढे अख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये पसरली. टाटा सुमोचं नाव त्यांच्या नावावरून आहे. (ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवायचे तो किस्सा बाजूला ठेवा, तोही फॉरवर्डमधलाच.) आणि पिंपरीत त्यांच्या आधी १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, सरकारी, आणि १९६२ ला एमआयडीसी, म्हणजे राज्य सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ, आली, जमीन-पाणी-रस्ते घेऊन. मालक, मॅनेजर, सरकार असं सगळं मिळून ते शहर झालंय.

"मराठी माणसाने आदर्श घ्यावा"

घ्यावा की. फक्त मेसेज पाठवणारे हेच लोक एरवी "गुजराती-मारवाड्यांनी धंदा खाल्ला" म्हणतात, आणि यादीत वालचंद दोशी, सोलापूरचे गुजराती जैन, आणि फिरोदिया, नगरचे मारवाडी. दोघंही इथलेच, प्रश्नच नाही, पण मग एरवीही इथलेच धरा ना. आणि वालचंदना रेल्वे कंत्राटात पाय रोवून देणारा पार्टनर कोण होता? लक्ष्मणराव फाटक नावाचा रेल्वेतला माजी क्लार्क. फर्मच्या नावात फाटक आधी आणि वालचंद नंतर होतं. आदर्श म्हणून मराठी माणूसच हवा होता तर हा आयता सापडला असता, पण मेसेजमध्ये त्यांचं नाव कुठेच नाही.