निकाल लागलाय, आता अर्थ तुम्ही लावा

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, की निकाल बघून मग मत बनवायचं असतं. मत तयारच पाहिजे. मोजणीच्या आदल्या रात्री दोन पोस्टी लिहून ठेवायच्या, एक जिंकलो तर आणि एक हरलो तर, म्हणजे सकाळी टपाली मतांचे कल यायला लागले की धावपळ होत नाही. जिंकलो वाली सोपी आहे, जनता जनार्दनाचा कौल, गुलाल, जेसीबीवरून फुलं, विषय संपला. खरी कला हरलो वालीत आहे.

जून २०२४ चा लोकसभेचा निकाल घ्या. राज्यातल्या ४८ पैकी महाविकास आघाडी ३०, महायुती १७ आणि सांगलीत एक अपक्ष. तुम्ही महायुतीवाले असाल तर जागा मोजायच्याच नाहीत, मतं मोजायची. दोन्हीकडच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही, मग हरलो कुठे? आणि जे काय झालं ते फेक नॅरेटिव्हमुळे, संविधान बदलणार म्हणून लोकांना भडकवलं. कोणी कांद्याचं काढलं तर विषय बदला, कारण निर्यातबंदी काही नॅरेटिव्ह नव्हती, ती खरीच होती. आघाडीवाले असाल तर टक्केवारी हा शब्द तोंडातसुद्धा आणायचा नाही, ३० म्हणजे ३०, लोकशाही वाचली, झालं.

सांगलीचा अपक्ष मात्र जपून हाताळा. तिथे आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरेंच्या सेनेचा होता, तो पडला आणि काँग्रेसचा बंडखोर निवडून आला, त्याने लगेच काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. म्हणजे आघाडी हरली ती जागापण आघाडीचीच, ३०+१=३१. गणित कच्चं असेल तर राजकारणात पडूच नका.

दोन सेनांचं तर विचारूच नका. ठाकरेंच्या सेनेने २१ लढवून ९ जिंकल्या, शिंदेंच्या सेनेने १५ लढवून ७. ठाकरेंकडचे असाल तर नऊ मोठे की सात, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. शिंदेंकडचे असाल तर स्ट्राइक रेट काढायचा, म्हणजे लढवलेल्यातल्या किती टक्के जिंकल्या, आमचा ४७ तुमचा ४३, सिद्ध झालं खरी शिवसेना कोणाची. वायव्य मुंबईत ४८ मतांनी निकाल लागला, तिथेही जिंकलेल्या शिंदेंवाल्याने "जनतेने गद्दारीचा शिक्का पुसला" म्हणायचं आणि हरलेल्या ठाकरेंवाल्याने "आम्ही हरलोच नाही", आणि दोघांनीही अगदी मनापासून म्हणायचं बरं का, खोटं वाटता कामा नये.

चिन्हाचं कारण हाताशी ठेवा. साताऱ्यात शरद पवारसाहेबांचा उमेदवार साधारण ३३ हजारांनी पडला आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार मतं पडली, कारण साहेबांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि यादीत त्या पिपाणीचं नाव पण तुतारीच. तक्रार रास्त आहे, नाही कोण म्हणतंय. पण दिंडोरीत त्याच पिपाणीने लाखावर मतं खाऊनही साहेबांचा माणूस लाखाच्या फरकाने निवडून आला, त्यामुळे दिंडोरीचं नाव साताऱ्याच्या चर्चेत काढायचं नाही.

मग आला २३ नोव्हेंबर. विधानसभेच्या २८८ पैकी महायुती २३० च्या वर, एकटी भाजप १३२, आघाडीचे तीन मोठे पक्ष मिळून पन्नाशी पण नाही. इथे दोन्ही बाजूंनी जुन्या पोस्टी एकमेकांना देऊन टाकायच्या. जूनमध्ये फसलेली जनता आता एकदम सुज्ञ. जूनमध्ये लोकशाही वाचवणारी मशीन आता हॅक. संध्याकाळी पाचला मतदान ५८.२२ टक्के होतं ते ६६.०५ कसं झालं हे विचारा, जरूर विचारा (निवडणूक आयोगाने नीट वेळेत सगळं समोर ठेवलं असतं तर निम्म्या पोस्टी जन्मालाच आल्या नसत्या), पण आपल्या पोलिंग एजंटने बूथवरून फॉर्म १७ सी, म्हणजे तिथे किती मतं पडली त्याचा कागद, आणला का हे चुकूनही विचारू नका, कारण तो एजंट दुपारी जेवायला गेला तो गेलाच.

लाडक्या बहिणींचं पण तसंच. हरलात तर १५०० रुपयांत मतं विकली म्हणून बायकांनाच बोला, आपल्या जाहीरनाम्यात ३००० होते हे कशाला आठवायचं. जिंकलात तर माताभगिनींचा आशीर्वाद म्हणा, आणि प्रचारात कबूल केलेल्या २१०० चं काय झालं असं कोणी विचारलं तर बजेट, योग्य वेळ, वगैरे वगैरे.

हे सगळं जमायला लागलं की मारकडवाडी. माळशिरस तालुक्यातलं हे गाव, विधानसभेला तिथे शरद पवारांच्या पक्षाचा उमेदवार मागे राहिला, मतदारसंघात मात्र तोच निवडून आला. तरी गावाने ठरवलं की मशीनने घोळ केला, ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिका छापून परत मतदान घ्यायचं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान काही झालं नाही. आणि आता चित्र काय, तर निवडून आलेल्या आमदाराचा मशीनवर विश्वास नाही आणि पडलेल्या उमेदवाराचा आहे. ही लेव्हल तुम्हाला पहिल्याच निवडणुकीत जमणार नाही, टेन्शन घेऊ नका, आधी ग्रामपंचायतीवर प्रॅक्टिस करा.