वाढलेले हाड आणि कोरा फोटो: टाचेच्या एक्स-रेविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत टाचदुखीवरचा एक संदेश फिरत असतो. त्याचा सारांश असा: टाच दुखते म्हणजे हाड वाढलेले असते आणि ते खिळ्यासारखे टोचते, डॉक्टरकडे वेळ न घालवता परस्पर एक्स-रे काढून घ्यावा, फोटोत हाड दिसले तर ते काढल्याशिवाय सुटका नाही, फोटो कोरा आला तर काही मोडलेले नाही असे समजून पाय चोळून कामाला लागावे, मात्र किरणे हाडात साठतात, म्हणून वर्षातून एकच फोटो काढावा. अस्थिरोगाच्या ओपीडीत या संदेशाचे दोन्ही परिणाम पाहायला मिळतात. एकीकडे फोटोची पिशवी पुढे करून ‘ऑपरेशन कधी करायचे’ असे विचारणारी बाई असते, तर दुसरीकडे टाचेचे हाड मोडलेले असताना पाय चोळून घेत राहिलेला ऊसतोड कामगार.

दुखणे म्हणजे वाढलेले हाड, हे पहिले विधानच चुकीचे आहे. टाचदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याचे दुखणे. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना कळ येते, थोडे चालल्यावर ती सैल पडते, दिवसभर उभे राहिल्यावर परत डोके वर काढते, आणि टाचेखाली आतल्या बाजूला अंगठ्याने दाबले की दुखरी जागा नेमकी सापडते. स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या बायकांच्या तोंडून ही हकीकत जवळजवळ शब्दशः ऐकू येते. एवढी हकीकत आणि एवढी तपासणी निदानाला बहुधा पुरते. तो पट्टा एक्स-रेत धड दिसतही नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत फोटो लिहून न देणारा डॉक्टर हयगय करतो आहे असे मानू नये.

वाढलेल्या हाडाचे जे भय आहे, ते मुख्यतः फोटोतल्या त्याच्या आकारामुळे आहे. बाजूने घेतलेल्या फोटोत ते चोचीसारखे टोकदार दिसते खरे, पण फोटो नीट पाहिला तर लक्षात येईल की ते टोक खाली जमिनीकडे नसून पुढे बोटांकडे असते. म्हणजे पाऊल टेकल्यावर ते मांसात घुसते ही कल्पनाच फोटोशी जुळत नाही. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा दहा प्रौढांमागे साधारण एक-दोघांच्या फोटोत असे हाड सापडते, आणि दुखणाऱ्या अनेक टाचांत ते मुळीच नसते. पोटरीचे व तळपायाचे ताण देण्याचे व्यायाम, मऊ तळाची चप्पल, घरातही अनवाणी न चालणे आणि गरजेप्रमाणे वजन कमी करणे, एवढ्यावर शंभरातले ऐंशीहून अधिक रुग्ण वर्षाच्या आत बरे होतात. बरे झाल्यावर फोटो काढला तर हाड होते तिथेच असते. दुखणे गेले आणि हाड राहिले, तर दुखणे हाडाचे होते असे कसे म्हणावे? शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते, आणि तीही फोटोत काय दिसले यावर नव्हे, तर महिनोन्‌महिने नीट उपचार करूनही चालता येत नाही यावर ठरते. हाड ‘विरघळवणाऱ्या’ तेलांच्या जाहिरातींबद्दल वेगळे काही लिहिण्याची गरज नाही.

संदेशातला सर्वांत घातक भाग मात्र कोऱ्या फोटोविषयीचा आहे. माळवदावरून, झाडावरून किंवा उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून माणूस पायांवर पडला, तर सारा भार टाचेच्या हाडावर येतो आणि ते दबून मोडते. अशा वेळी एक्स-रे ताबडतोब हवाच. टाच रुंद झाली असेल, पाऊल टेकवत नसेल, किंवा एक-दोन दिवसांत तळपायाच्या मधोमध काळानिळा डाग उतरला असेल, तर फोटो कोरा वाटला तरी सीटी स्कॅनपर्यंत जावे लागते. उंचावरून पडलेल्या माणसाची कंबरही तपासावी लागते, कारण त्याच धक्क्याने पाठीचा मणका दबलेला असू शकतो आणि टाचेच्या वेदनेपुढे कंबरेचे दुखणे तो सांगतही नाही.

न पडताही टाचेच्या हाडाला बारीक तडा जातो. सवय नसताना एकदम लांब पल्ले चालणे किंवा भरतीच्या तयारीसाठी डांबरी रस्त्यावर धावणे, एवढे कारण पुरते. हा तडा पहिल्या दिवसांच्या फोटोत बहुतेक वेळा दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, हाड भरून येऊ लागल्यावर, पांढुरकी रेषा उमटते. दोन्ही तळहातांनी टाच बाजूंनी दाबली असता कळ आली, तर कोऱ्या फोटोवर विसंबून न राहता पायाला विश्रांती देऊन फोटो पुन्हा काढावा, नाहीतर एमआरआय करावा. पायात मोडलेला बाभळीचा काटाही एक्स-रेत सहसा दिसत नाही. काच आणि लोखंड दिसते, काट्यासाठी सोनोग्राफी करावी लागते. पोटरीला टाचेशी जोडणारी दोरीसारखी जाड शीर तुटली तरी फोटोत हाडे शाबूतच असतात, पण त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. मधुमेह्याचा पाय लाल, गरम आणि सुजलेला असून फारसा दुखत नसेल, तर फोटो चांगला आला म्हणून त्याला चालू देणे म्हणजे पायाची हाडे चुरडू देणे होय. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप किंवा वजन उतरणे सोबत असेल तर हाडातल्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. तो टाचेलाही होतो.

किरणांच्या मुद्द्यावर थोडक्यात. यंत्र बंद होताच किरणे संपतात. ती हाडात साठत नाहीत. पायाच्या एका फोटोत साधारण 0.001 मिलिसिव्हर्ट एवढीच मात्रा मिळते, आणि जमिनीतून व आकाशातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असते, म्हणजे हा फोटो निसर्गातल्या तीन-चार तासांइतका आहे. उगाच काढू नये हे बरोबर, पण गरजेचा दुसरा फोटो या भीतीने टाळणे चूक आहे. गरोदर बाईने तंत्रज्ञाला आधी सांगावे, एवढी काळजी पुरते.

राहिला परस्पर फोटो काढण्याचा सल्ला. खर्च वाचेल हे त्यामागचे कारण असेल, तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, हे लक्षात घ्यावे. शिवाय फोटो काय शोधायचे आहे त्यानुसार काढावा लागतो आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असावे लागते. आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलाच्या टाचेच्या मागचा वाढीचा भाग फोटोत तुकडे पडल्यासारखा दिसू शकतो. ते त्या वयाचे नैसर्गिक रूप असते, आणि केवळ फोटो हाती घेतलेले आईबाप फ्रॅक्चर समजून घाबरतात. पडलेल्या माणसाचा नुसता बाजूचा फोटो पुरत नाही. त्याला पाय लांब करून बसवतात, चवड्याला पट्टी अडकवून ती त्याच्याच हाताने ओढून धरायला सांगतात, यंत्र सुमारे चाळीस अंशांत तिरके करतात आणि तळव्याकडून टाचेचा लांबट फोटो घेतात; हाडाची रुंदी आणि त्यातली उभी भेग याच फोटोत कळते. ‘टाचेचा फोटो’ एवढेच सांगून आलेल्याच्या हाती बाजूचा एकच फोटो पडू शकतो, म्हणून पडल्याची हकीकत आणि कोणते दोन फोटो हवेत हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेले असावे.