बायकांच्या मेंदूतला ‘जाड पूल’ मोजला कसा?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि लोकलच्या डब्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. बायकांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, जाड असतो, म्हणून त्यांना एका वेळी चार कामं जमतात. पुरुषांचा मेंदू मोठा, म्हणून तर्क त्यांचा. आणि एमआरआयने हे सिद्ध झालंय. मुलीने कुठली शाखा घ्यावी हे ठरवतानाही घराघरांत असले दाखले निघतात, म्हणून ते खोडणं गरजेचं आहे.

‘पूल जाड असतो.’ याचं मूळ १९८२ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका छोट्या लेखात आहे. तपासलेले मेंदू १४: ९ पुरुषांचे, ५ बायकांचे. पुलाचा मागचा भाग, स्प्लेनियम, बायकांत फुगीर दिसला. १९९७ मध्ये बिशप आणि वॉल्स्टन या संशोधकांनी ४९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो फरक टिकला नाही.

मोजणी जवळून पाहिली की कारण कळतं. पुलाचं क्षेत्रफळ मेंदूच्या बरोब्बर मधल्या एकाच कापावर मोजतात. डोकं किंचित कललं तरी काप मध्यरेषेवरून सरकतो आणि आकडा बदलतो. शिवाय स्प्लेनियमला स्वतःची अशी हद्द नाही. पुलाचा मागचा पाचवा हिस्सा तो, असं धरून चालतात. आता लांबी सरळ रेषेत घ्यायची की पुलाच्या वाकाबरोबर? उत्तर बदललं की रेघ दुसरीकडे पडते. पाच मेंदूंच्या सरासरीला एवढा धक्काही पुरतो. आणि चार कामांचं म्हणाल, तर त्या लेखात कुणाची कामं मोजलेलीच नव्हती.

‘पुरुषांचा मेंदू मोठा.’ सरासरीने सुमारे ११ टक्के मोठा, हे खरं आहे. त्यावरून तर्कशक्ती ठरत नाही.

खरी गफलत पुढे होते. एकूण आकाराचा परिणाम बाजूला काढायला अनेकजण प्रत्येक भागाला एकूण मेंदूने भागतात. १८० चौरस फुटांच्या खोलीत मोरी बराच मोठा हिस्सा खाते, पण म्हणून ती फ्लॅटमधल्या बाथरूमपेक्षा मोठी ठरत नाही. मेंदूचंही तसंच आहे. आकार वाढतो तसं व्हाइट मॅटर, म्हणजे जोडणाऱ्या तंतूंचा भाग, जास्त वेगाने वाढतं, त्यामुळे लहान मेंदूत ग्रे मॅटरचा, म्हणजे मुख्यतः पेशी असलेल्या भागाचा, वाटा आपोआप जास्त दिसतो, मग तो मेंदू पुरुषाचा असला तरी. म्हणून नुसता भागाकार न करता, कवटीच्या आतलं एकूण आकारमान सांख्यिकी समीकरणात वेगळं घालावं लागतं. तसं केल्यावर हिप्पोकॅम्पसमधला (स्मृतीशी जोडलेला भाग) फरक २०१६ च्या आणि अमिग्डालातला (भावनांशी जोडलेला भाग) २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात उरला नाही. काही भागांत लहान फरक उरतात. तेही नाकारायचं कारण नाही.

‘एमआरआयने सिद्ध.’ मशीन फोटो देतं, सीमा सॉफ्टवेअर आखतं. स्कॅनमध्ये डोकं हललं तर ग्रे मॅटर कमी भरतं. एका गटातले लोक जास्त हलले, किंवा दोन गट वेगवेगळ्या मशीनवर गेले, तर फरक तिथूनच तयार होतो.

२०१५ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डॅफ्ना जोएल यांच्या गटाने १,४०० हून अधिक स्कॅन पाहिले. सगळे भाग एकजात ‘पुरुषी’ किंवा एकजात ‘बायकी’ टोकाला असलेले मेंदू फारच थोडे निघाले. मिश्रण असलेले कितीतरी जास्त.