टाच कशाला हवी?

लोकरीचं काम येतं हे सोसायटीच्या ग्रुपवर कधीच कळू देऊ नये. मी एकदा हौसेने क्रोशाच्या मोबाईल कव्हरचा फोटो टाकला, लोकांनी टाळ्या नि हार्ट्सचा पाऊस पाडला, आणि ते सगळं उधारीवर होतं हे डिसेंबर लागल्यावर समजलं. आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये क्लबहाऊसला दरवर्षी ख्रिसमस ट्री लागतो, खाली कापसाचा बर्फ, वर फुल स्पीडवर पंखा, त्यामुळे लिफ्टपर्यंत हिमवर्षाव. यंदा कल्चरल कमिटीचं ठरलं की ट्रीवर सगळं हँडमेड लावायचं. कुणाच्या हँडने, यावर फार चर्चा झाली नाही. "तू कर ना गं ते लाल मोजे, चाळीस पुरे, छोटेच तर आहेत."

छोटेच तर आहेत म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात सुई हातात धरलेली नसते हे मी लिहून देते. शाल परवडली. शालीत एकदा लय लागली की हात आपापला चालतो, सिरियल बघता येते, फोनवर नणंदेशी बोलता येतं, भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा होते. तीन इंची मोज्यात दर दोन मिनिटांनी काहीतरी बदलतं. चवड्यापासून सुरुवात करायची, दोऱ्याचं सरकतं कडं करून त्यात 6 मुके खांब (म्हणजे बुटके टाके), पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे 12, त्याच्या पुढे एक सोडून एकात दोन म्हणजे 18, मग गोल गोल वर जायचं. या गोल गोलला सुरुवात नि शेवट नसतो, फेरी कुठे संपली ते कळायला पिन लावून ठेवावी लागते, आणि आमच्या घरी ती पिन लेक केसांना लावून शाळेत जाते. मग बसा मोजत. तेरा, चौदा, पंधरा म्हणेपर्यंत बेल वाजते, पार्सल, ओटीपी सांगा, चार सात दोन नऊ, आणि आता पंधरा झाले होते का एकोणतीस?

सुई 2.5 मिमीची, कारण जाड घेतली तर जाळी पडते आणि आत कापूस दिसतो. पॅटर्न ब्रिटिश निघाला तर आणखी मजा, त्यांचा डबल क्रोशे म्हणजे अमेरिकेचा सिंगल, चुकून अमेरिकन समजून विणलात तर मोजा सांताचा न राहता जिराफाचा होतो. म्हणजे आधी पासपोर्ट तपासायचा, मग सुई उचलायची.

आणि टाच. बाकी सगळं मी माफ करीन पण टाच नाही. एवढा वेळ सुखाने गोल चाललेलं असताना तिथे अचानक 18 पैकी 9 टाके तसेच सोडून द्यायचे, उरलेल्या 9 वर उलटसुलट ये-जा करत एक जीभ काढायची, ती दुमडून मागे जोडायची, मग तिच्या दोन्ही कडांचे टाके उचलत, मघाशी सोडलेले नऊ गोळा करत पुन्हा गोल सुरू करायचं, आणि ज्या कोपऱ्यात जीभ नि पाऊल भेटतात तिथे हमखास भोक पडतं. भोक बुजवायला टाका घातला की टाच फुगते. टाका काढला की भोक.

वैतागून आईला फोन केला. आई नौपाड्यात राहते. तोरणं, टीपॉयचे रुमाल, तांब्यावरची मण्यांची झाकणं, टीव्हीचे फ्रॉक, सगळं करून झालेलं आहे तिचं, इंग्रजी पॅटर्न वाचत नाही, नुसती खुणांची आकृती बघून तोरण उतरवते.

"टाच कशाला हवी? कुणी पायात घालणारे का?"

"अगं टाच नसेल तर ती पिशवी होते."

"मग पिशवी दे ना. खाऊ पिशवीतच देतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात ते संत निकोलस, ज्यांच्यावरून सांता आला, आताच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप, त्यांची कथा वाचली तर तीन गरीब मुलींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं, तेही पिशवीतच! चिमणीजवळ वाळत घातलेल्या मोज्यात ते पडलं हा पुढचा भाग. म्हणजे आई बरोबर आणि मी टाचा काढत बसलेय. आमच्याकडे चिमणी गॅसवर आहे, तिच्यातून सांता आला तर आधी फोडणीच्या चिकट जाळीत अडकेल.

घरी वेळ मिळेना म्हणून ठाणे-वाशी लोकलमध्ये विणायला घेतलं. ऐरोलीपर्यंत सगळ्या बायका नुसत्या बघत होत्या. रबाळ्याला समोरच्या मावशी माझ्या पोटाकडे बघून हळूच म्हणाल्या, "कितवा?" मी म्हटलं अकरावा, म्हणजे अकरावा मोजा, पण तोवर डबा हादरला होता. मग खुलासा. मग नवीन प्रश्न, "एकच? दुसऱ्या पायाचा?" ख्रिसमसचा मोजा एकटाच असतो हे कोपरखैरण्यापर्यंत समजावलं, कुणालाही पटलं नाही.

नवऱ्याने घरात बसून दोन सल्ले दिले. पहिला, जांभळी नाक्याला फेल्टचे तयार डझनावर मिळतात. दुसरा, मशीन घे. खरा क्रोशा अजून मशीनवर निघत नाही हे त्याला सांगितलं तर म्हणे, चंद्रावर जाता येतं आणि मोजा होत नाही? नाही होत. आणि लाल-पांढऱ्याची टोकं चार, अडकवायच्या लूपची दोन, अशी प्रत्येक मोज्याला सहा टोकं जाड सुईने आत लपवायला चांद्रयानही येत नाही.

ट्री सजला. लोक फोटो काढून गेले. तीन मोजे पहिल्याच संध्याकाळी लंपास झाले, त्याचा मला खरं तर अभिमानच वाटला, फेल्टचे कुणी चोरत नाही. दुसऱ्या दिवशी बी विंगच्या काकू दारात, मुठीत मोडलेली काडेपेटीची काडी.

"हे घे माप. आमच्या बाळकृष्णाच्या पायाचं. थंडी पडलीय, मार्गशीर्ष आहे, त्याला मोजे हवेत. तुझे ते फार मोठे गं, ढगळ होतील."

पंखा तीनवर होता. मी काडी बघितली. माझ्या नखाएवढी.

"आणि जोडी हं, एकच नको देऊस. शिवाय रांगता आहे ना तो, उजवा पाय पाटाला चिकटलाय, तिथे मागून उघडा ठेव आणि बटण लाव."