काका, फळी वाकली ते खरं, पण तो फोटो आधी काढा

नमस्कार काका. तुम्ही रिव्ह्यूत एक स्टार दिला अन् लिहिलं की बंदूक-काडतुसाच्या लोखंडी पेटीचे साडेचौदा हजार घेतले, चार महिन्यात फळी वाकली, दार घासून राहिलं, भिंतीतले बोल्ट हातानं निघाले, मागितली तशी जाड एअरटाइट पेटी पण दिली नाही. वाकली, घासते, निघाले, तिन्ही खरं. पण पेटी उघडी असलेला फोटो आधी काढा. त्यात काडतुसाचे खोके दिसते अन् मागची खिडकी पण दिसते, घर कोणाचं ते गावातलं शेंबडं पोरगं सांगन.

आता फळीचं. ऑर्डर देताना तुम्ही म्हणले एक बंदूक अन् थोडी काडतुसं. मी बी समजलो पीक संरक्षणाचं लायसन असन, डुकरासाठी, इकडं बहुतेक तेच राहते, म्हणून २० गेजची, म्हणजे पातळ पत्र्याची फळी टाकली. तुमच्या घरची ताई ट्रॅप खेळते, म्हणजे उडत्या चकतीवर बंदुकीनं नेम मारायचा खेळ, हे मले रिव्ह्यूतून कळलं. ट्रॅपच्या एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, अडीचशेच्या खोक्यात नुसतं शिसंच ६ किलो, बाकी धरून नऊच्या आसपास. तुम्ही मधल्या एकाच फळीवर बारा खोके लावले, म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्याहून जास्त वजन, तीन फूट लांब पत्र्यावर, खाली अँगल नाही. वाकणारच, अन् फळीनं चौकट ओढली म्हणून दार घासते. पण किती माल ठेवता हे मी विचारायला पायजे होतं, ती चूक माझी.

बोल्टची चूक तर पूर्ण माझीच. भिंत मातीची, वरून सिमेंटचं प्लास्टर, आमच्या पोरानं ठोकून पाह्यलंच नाही, फास्टनर (भिंतीत फसणारे बोल्ट) मारून आला. दोघं जण उचलून नेऊ शकतात अशा पेटीले कुलूप किती भारी लावलं तरी काय कामाचं? आता बोल्ट पेटीच्या आतून खाली काँक्रीटमध्ये मारून देतो.

एअरटाइट पेटीले मात्र मी तेव्हाही नाही म्हणलो अन् आताही नाहीच. घराले आग लागली तर खोक्यातलं काडतूस फुटून प्लास्टिक फाटते, पण जाड लोखंडात सगळं पॅक केलं का धूर-गॅसले जायले जागा राहत नाही अन् पेटीचाच बॉम्ब होते. आम्ही पुलगावच्या पट्ट्यातले, ३१ मे २०१६ ले मध्यरात्रीनंतर लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत आग लागली तवाचा आवाज अजून कानात आहे. तिथल्या मालाची अन् याची बरोबरी नाही म्हणा, तरी मन होत नाही.

आता फळ्या १६ गेजच्या, म्हणजे जाड पत्र्याच्या, दोन फुटी करून देतो, खाली अँगल, बंदुकीचा कप्पा वेगळा, त्याची चावी वेगळी, पेटीले चार इंच पाय, पावसाळ्यात फरशी ओल धरते म्हणून. पैसे लागणार नाही. जड खोके तळालेच ठेवा. अन् पेटी टिनाच्या खोलीतून काढा, मे महिन्यात तिथं भट्टी असते, बाजूले फवारणीचा पंप अन् डिझेलची कॅन बी दिसून राहिली.

सोमवारी गाडी पाठवतो. वेल्डिंग घरी करणार नाही, ठिणगी उडते, पेटी शेडवर आणू. त्याच्या आधी ताईनं स्वतः पेटी रिकामी करून ठेवावी, तेवढे दिवस माल शूटिंग रेंजवर नाही तं बंदुकीच्या डीलरकडे ठेवता येते का पाहा, आमची पोरं काडतुसाले हात लावणार नाही.