आजीच्या हातावरचा डाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आजीवरच्या माझ्या लेखाला आपण ऐरोलीहून पाठवलेली प्रतिक्रिया गेल्या चार दिवसांत मी कितीतरी वेळा वाचली. लेख आवडल्याचे बऱ्याच जणांनी कळवले, आणि त्यांना मी दोन ओळींत आभार कळवून मोकळा झालो. आपल्याला मात्र दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. ज्यांनी आपली प्रतिक्रिया पाहिली नसेल, त्यांच्यासाठी तिचा आशय आधी सांगतो. आपण लिहिले आहे की, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दहा माणसांच्या घराचे मी जे चित्र रंगवले, त्यात माणसे भरपूर आहेत, सणवार आहेत, लाडू-चकल्या आहेत, परंतु ते सारे करणारी बाई किती दमली असेल, याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. 'एकत्र कुटुंबाच्या आठवणी पुरुषांनी काढायच्या आणि त्यांची किंमत बायकांनी मोजायची, ही जुनीच रीत आहे,' हे आपले वाक्य, आणि त्यापुढचा प्रश्न: 'आजीचा हात तुम्हाला मऊ वाटला, त्या हातावर भाजल्याचे डाग किती होते, हे तुम्ही कधी मोजलेत का?'

डाग एक होता. उजव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटांपासून थेट कोपरापर्यंत गेलेला, कडेला गडद आणि मध्ये पांढुरका. तो कसा पडला हे मला पक्के ठाऊक आहे, कारण तेव्हा मी त्याच घरात होतो आणि नऊ वर्षांचा होतो. हे ठाऊक असूनही मी तो लेखात घेतला नाही. लिहिताना तो आठवला होता. लेखाच्या गोडव्यात तो बसेना, म्हणून गाळला. ही माझी चूक आहे, आणि आपण विचारले नसते तर ती तशीच राहिली असती. म्हणून त्या डागाची हकिगत आधी सांगतो; आपल्या इतर आक्षेपांचे उत्तरही बरेचसे तिच्यातच आहे.

माझे काका लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवरच्या विणकामाच्या खात्यात, होते. पहिली पाळी असली की पहाटे ठाण्याहून लोकल पकडायची आणि करी रोडला उतरायचे, असा त्यांचा क्रम. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना-दोन महिन्यांत काहीतरी तडजोड होईल, असे आमच्या घरीही सगळे धरून चालले होते. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि त्या पाळीवर काका पुन्हा कधी गेले नाहीत. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. पदरात दोन मुले होती. गिरणगावातली कितीतरी कुटुंबे त्या काळात बिऱ्हाड मोडून गावी परतली. काकूंनी मात्र एकही भांडे बांधले नाही, कारण त्यांचे भांडे वेगळे कधी नव्हतेच.

आजीने त्या पावसाळ्यानंतर डबे करायला घेतले. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या कारखान्यांत बाहेरगावची पुष्कळ एकटी मुले कामाला असत आणि त्यांना घरच्या जेवणाची गरज असे. सहा डब्यांपासून सुरुवात झाली आणि वर्षभरात ते चौदा झाले. पोळ्या आजी लाटायची, भाजी-आमटी काकूंकडे, आणि माझी आई शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी डबे भरून, पुसून ओळीने लावून ठेवायची. सायकलवरून ते पोचवण्याचे काम आजीने काकांना दिले. महिन्याचे पैसे त्यांनीच गोळा करायचे, त्यांनीच वहीत मांडायचे आणि मग डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे, असा तिचा दंडक होता. आपला मुलगा आईच्या हातचे फुकट खातो असे त्याला स्वतःला वाटू नये, म्हणून तिने तसे केले, हे मला फार पुढे काकूंनी सांगितले. घरात कमावती माणसे तेव्हा आजोबा आणि माझे आईवडील एवढीच होती, पण काकांच्या मुलांच्या वह्या आणि आमच्या वह्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून यायच्या. कोणाच्या ताटात किती पोळ्या गेल्या, हे मोजताना मी त्या घरात कोणालाही पाहिले नाही.

आता तो दिवस. १९८३ची दिवाळी तोंडावर आली होती आणि डब्यांच्या जोडीला आजीने फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. संध्याकाळी तीन किलो चकल्या द्यायच्या होत्या. स्वयंपाकघरात प्राइमस फरफरत होता, कढईत तेल तापले होते, काकू सोऱ्या फिरवून कागदावर चकल्या पाडत होत्या आणि आजी त्या तेलात सोडत होती. चकली फुटल्याचा आवाज आम्हा मुलांना बाहेरच्या खोलीत ऐकू आला. उकळते तेल आजीच्या हातावर उडाले होते. ती ओरडली नाही. 'अगं बाई' एवढेच म्हणाली आणि स्टोव्हपासून मागे सरकली. काकूंनी परातीत पाणी ओतले, आजीने त्यात हात बुडवला आणि त्या पाण्यातूनच तिने काकूंना झारा घ्यायला सांगितले. पुढचा तासभर ती तशीच बसून होती. कढईकडे तिची पाठ होती, पण तेलाचा आवाज ऐकून ती सांगत होती, 'आता उलट, आता काढ, ही अजून नको.' तीन किलो चकल्या वेळेवर गेल्या. डॉक्टरकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

त्या संध्याकाळी घरात तीन प्रौढ पुरुष होते. आजोबा, वडील आणि काका. तिघेही धावत आले, तिघांनीही काळजीने विचारपूस केली, वडील औषधाच्या दुकानातून मलम घेऊन आले. झारा मात्र तिघांपैकी एकाच्याही हातात गेला नाही, आणि जायला हवा होता असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही. हे लिहिताना आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य करावे लागते. काकूंच्याऐवजी तो झारा काकांनी घेतला असता तर काही आकाश कोसळणार नव्हते. डबे पोचवायला सायकल चालवणारा माणूस चकलीही उलटू शकला असता. आजीने काकांना हिशेबाची वही दिली, पण झारा दिला नाही, आणि तिचीही मर्यादा तिथेच होती. तिच्यावरच्या प्रेमापोटी ती लपवण्याचे मला कारण नाही.

आपण म्हणाल, हे सगळे चाळीस वर्षांपूर्वीचे. तसेही नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचे ९७ मिनिटे त्या कामात जातात असे आढळले, आणि ९७ मिनिटे हा आकडासुद्धा केवळ घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे. असे पुरुष शंभरात सुमारे सव्वीसच निघाले. माझी पत्नी ठाण्याहून महापेला नोकरीला जाते. ती घरी पोचेपर्यंत कुकर लावून ठेवणे मी गेली बारा वर्षे करतो, आणि तरीही घरात काय संपले आहे हे लक्षात ठेवण्याचे काम तिच्याच डोक्यात चालू असते. म्हणजे ओझे हलके झाले आहे, पण वाटले गेले आहे असे अजून म्हणता येत नाही.

इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. यापुढे मात्र माझा मतभेद आहे, आणि तो मी तितक्याच स्पष्टपणे मांडतो. 'एकत्र कुटुंब म्हणजे सुनांच्या श्रमावर चालणारी खाणावळ, बाकी सगळे भावनेचे लिंपण,' असे आपण लिहिले आहे. खाणावळीत पैसे थकले की ताट बंद होते. काकांचे ताट एक दिवसही बंद झाले नाही, आणि ते वाढताना कोणाचा हात आखडला नाही. माणसाचा रोजगार जातो, तेव्हा त्याचे पोट कसे भरायचे हा एक प्रश्न असतो. त्याने सकाळी उठून कोणासमोर कोणत्या तोंडाने बसायचे, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न असतो. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पहिल्या प्रश्नाला थोडेफार पुरतात. दुसऱ्याला आमच्याकडे आजी होती, तिची वही होती आणि चौदा डबे होते. कुटुंबाला मी मौल्यवान म्हणतो ते याच अर्थाने, आणि तो अर्थ मी लेखात नीट मांडला नाही हेही खरे.

दुसरे असे की, आपल्या प्रतिक्रियेतली आजी केवळ सोसणारी आहे. माझी आजी सोसत होती, पण केवळ सोसत नव्हती. लग्न होऊन ती चरईतल्या चाळीत आली, तेव्हा तिला महिन्यातले चार दिवस बाहेर बसवले जाई आणि पुरुषांची पंगत उठल्यावर उरलेले जेवावे लागे. सासू गेल्यानंतर घराची सूत्रे तिच्याकडे आली. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा आजीने पहिल्याच महिन्यात तिला सांगितले, 'मला बसवलं, मी तुला बसवणार नाही. कोणी विचारलं तर माझं नाव सांग.' आणि जेवायला सगळे एकदम, हा नियमही तिचाच. यासाठी तिने कोणते भाषण ऐकले नव्हते. चौथीपर्यंत शिकलेली बाई होती ती.

याहून मोठा प्रसंग १९९७ सालचा. आजोबा गेले, मृत्युपत्र केलेले नव्हते आणि नौपाड्याचे घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होते. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली अशा पाच जणांचे सारखे हिस्से होत होते. कायदा काहीही म्हणो, आपल्याकडची चाल आपल्याला माहीत आहेच: मुलींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या, साडी-चोळी करायची आणि भावांची नावे लावायची. माझ्या वडिलांनी आणि काकांनीही तसाच मसुदा तयार करून आणला. दोन्ही आत्या सह्या करायला तयार होत्या. डोंबिवलीची आत्या तर पेन घेऊनच बसली होती. आजीने तो कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. मग म्हणाली, 'सही हवी असेल तर आधी हिस्सा मोजून त्यांच्या हातात ठेवा, आणि मग मागा. त्या द्यायला तयार आहेत म्हणून तुम्ही घ्यायचं, असं या घरात चालणार नाही.' वडील त्यानंतर आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. ज्या काकांना तिने हातावर तेल झेलून सांभाळले होते, ते काकाही दुखावले. ती ढळली नाही. कागद कपाटात गेला. २००९ साली आजी वारली आणि त्यानंतर दोन वर्षांनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा कागदोपत्री चारही भावंडांची नावे लागली आणि आत्यांना त्यांचा वाटा मिळाला. आज ही चारही भावंडे एकमेकांच्या घरी निःसंकोच जातात, आणि त्याचे श्रेय मी निःशंकपणे त्या दिवशीच्या तिच्या नकाराला देतो.

या आजीला आपण निव्वळ बळी म्हणालात, तर तिने घेतलेले हे निर्णय पुसले जातात; आणि मी तिला निव्वळ मायेची मूर्ती म्हणालो, म्हणून तिचा भाजलेला हात पुसला गेला. दोन्हींत ती हरवते. माझ्या लेखात मी आता चकल्यांचा परिच्छेद पुन्हा लिहिला आहे. त्या डागासह.

आपल्या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. 'आजीने सगळ्यांच्या आवडी जपल्या असे तुम्ही म्हणता. आजीला स्वतःला काय आवडत होते, हे संपूर्ण लेखात एकदाही आलेले नाही,' असे आपण लिहिले. हे वाचून मी बराच वेळ आठवत बसलो आणि मला खात्रीने एकही गोष्ट सांगता येईना. तिच्या हाताखाली मी वाढलो, तिला खांदा दिला, आणि हे मला ठाऊक नव्हते. शेवटी रविवारी डोंबिवलीला जाऊन मोठ्या आत्यालाच विचारले. आत्या ऐंशीच्या घरात आहे, पण तिला क्षणभरही आठवावे लागले नाही.

आजी दर सोमवारी संध्याकाळी कोपिनेश्वराला जायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. परत यायला तिला दीड तास लागायचा, आणि देवळात गर्दी असते असे ती सांगायची. आत्या लग्नाआधी एकदा तिला शोधत गेली होती. देवळात आजी नव्हती. समोर मासुंदा तलावाच्या काठावर, तलावपाळीच्या कट्ट्यावर, चपला बाजूला काढून ती एकटीच पाण्यातल्या होड्या बघत बसली होती आणि पदरात घेतलेले फुटाणे एकेक करून खात होती. आत्या लांबूनच परतली आणि घरी कोणाला काही बोलली नाही. थोड्या वेळाने आजी आली, कपाळाला भस्म होते, हातात बेलाचे पान होते. फुटाण्यांची रिकामी पुडी तिने येताना वाटेतच टाकली असावी, कारण घरी तिने त्यातला एक दाणाही कधी आणला नाही.